दार नसलेली करमणूक: अणदूर-मैलारपूरची यात्रा आणि साथींचे निर्बंध

साथीच्या रोगाने बंद पडलेली करमणुकीची ठिकाणे पुन्हा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटींवर उघडली जातात, या प्रश्नाची चर्चा कोविडनंतर पुष्कळ झाली, परंतु ती बहुतांशी शांघाय, टोकियो आणि फ्लोरिडा येथील प्रचंड मनोरंजन उद्यानांभोवतीच फिरत राहिली. मनोरंजन उद्यान म्हणजे कुंपण घातलेल्या एकाच आवारात चक्रे, झुले, खेळ, खाद्यपदार्थ आणि देखावे मांडून त्यांसाठी प्रवेशशुल्क घेणारा व्यवसाय. महाराष्ट्रात हा व्यवसाय उशिरा रुजला. मुंबईजवळ गोराई येथे एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये. मराठवाड्याच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्या माणसाने पाळणा, जादूचे खेळ, तंबूतला सिनेमा आणि तमाशा हे सारे पाहिले ते यात्रेत, आणि म्हणून या भागापुरता वरील प्रश्न विचारायचा झाल्यास तो यात्रेच्या इतिहासातच शोधावा लागतो. त्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील, तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे गाव विशेष उपयोगाचे आहे, कारण तिथला देव स्वतःच दरवर्षी गाव बदलतो आणि त्याच्यामागे माणसांचा, दुकानांचा व करमणुकीचा सारा पसारा हलतो.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील अणदूर आणि शेजारच्या नळदुर्गालगतचे मैलारपूर या दोन ठिकाणी खंडोबाची दोन मंदिरे आहेत, मूर्ती मात्र एकच आहे. परंपरेनुसार तिचा मुक्काम अणदूरला सव्वादहा महिने आणि मैलारपूरला पावणेदोन महिने असतो. मूर्ती एका गावातून दुसऱ्या गावात नेताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देव केव्हा न्यायचा, केव्हा परत करायचा, हे तिथे कागदावर येते आणि मगच देव वाजतगाजत निघतो. खंडोबाच्या प्रमुख स्थानांमध्ये जेजुरी, पाली, मंगसुळी, माळेगाव, देवरगुड्ड यांच्या बरोबरीने नळदुर्ग-अणदूरचे नाव घेतले जाते, आणि मैलारपूर या नावातच या देवाचे कर्नाटकाकडचे मैलार हे रूप टिकून राहिलेले आहे. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाच्या उपासनेचा जो अभ्यास केला, त्यातून हा देव धनगर, शेतकरी, व्यापारी आणि राजे अशा सर्व थरांना जोडणारा, मराठी आणि कानडी मुलखांच्या सीमेवर सहज वावरणारा देव म्हणून पुढे येतो. पौष पौर्णिमेला मैलारपूरला भरणारी यात्रा ही या मुक्कामातली सर्वांत मोठी गर्दी होय.

या गर्दीचे दोन भाग असतात, आणि पुढील विवेचनासाठी ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला भाग विधींचा: तळी भरणे म्हणजे ताटात भंडारा, खोबरे व विड्याची पाने ठेवून ते पाच जणांनी जयघोषात वर उचलणे, लंगर तोडणे म्हणजे वाघ्याने, खंडोबाला वाहिलेल्या उपासकाने, लोखंडी साखळी ओढून तोडणे, जागरण घालणे, नवस फेडणे आणि हळदीची पूड असलेला भंडारा मुठीमुठीने उधळणे. दुसरा भाग बाजाराचा व करमणुकीचा: घोंगड्या, भांडी, बांगड्या, खेळणी, रेवड्या, भजी, जनावरांचा बाजार, कुस्त्यांचा फड, आणि मैदानाच्या कडेला पाळणे. यात्रेला आलेल्या माणसाच्या मनात मात्र या दोहोंमध्ये भिंत नसते. देवदर्शन झाल्यावर मुलांना पाळण्यात बसवणे हा यात्रेचाच पुढचा टप्पा असतो, आणि तो चुकला तर यात्रा अर्धी झाली असेच घरी परतल्यावर सांगितले जाते.

पाळण्याचा व्यवसाय स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जुना रहाटपाळणा लाकडाचा, चार पेट्यांचा आणि माणसाच्या अंगबळावर फिरणारा होता. पाळणेवाला चक्राच्या आऱ्यांवर चढून आपल्या शरीराचे वजन टाकी आणि वेग आला की उडी मारून खाली येई. पुढे लोखंडी सांगाडा, डिझेल इंजिन आणि जनरेटर आले, पेट्या वाढल्या, दिव्यांच्या माळा आल्या आणि त्याच मैदानावर ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन गाडी व लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरवणारा मौत का कुआँ यांनी जागा मिळवली. हा सगळा पसारा ट्रकांतून येतो. मैदान सपाट करून पायांखाली लाकडी ठोकळे रचायचे, ओळंबा धरून मधला खांब उभा करायचा, आऱ्या एकेक करून नटबोल्टांनी जोडायच्या आणि रिकाम्या पेट्यांनी दोन-चार फेऱ्या घेऊन मगच माणूस बसवायचा, असा त्याचा क्रम असतो. कायमच्या उद्यानात यंत्र जागेवर राहते आणि गिऱ्हाईक येते. यात्रेत गिऱ्हाईक जागेवर असते आणि यंत्र गावोगाव फिरते. देवांच्या तिथींनुसार त्याचे वर्ष आखलेले असते: मार्गशीर्षात चंपाषष्ठी, संक्रांतीला सोलापूरची गड्डा यात्रा, पौष पौर्णिमेला मैलारपूर, आणि चैत्रापासून गावोगावच्या जत्रांचा हंगाम. या साखळीतला एक दुवा तुटला तर पुढच्या गावाला जाण्याच्या डिझेलचा प्रश्न उभा राहतो.

रोगराई आणि यात्रा यांचे नाते जुने आहे, आणि लोकपरंपरेत ते आजच्या समजुतीच्या नेमके उलट होते. पटकी म्हणजे कॉलरा गावात शिरला की दक्खनच्या गावांत मरीआईची पूजा बांधली जाई, पोतराज अंगावर आसूड ओढीत फिरे आणि देवीचा गाडा सगळ्या गावाच्या सोबतीने शिवेपर्यंत ओढत नेऊन पलीकडे सोडला जाई. म्हणजे साथीला गावाचे उत्तर एकत्र येण्याचे होते. शिवेपलीकडच्या गावाला ही भेट अर्थातच नकोशी असे आणि तेही तो गाडा पुढच्या शिवेवर पोचवून मोकळे होत. प्लेगच्या काळात मात्र दुसरी रीत बळावली. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे, ही गोष्ट लोक स्वानुभवाने शिकले आणि सरकारी अधिकाऱ्यांनीही पुढे तिलाच उचलून धरले.

इंग्रजी राज्याला यात्रेची भीती वाटू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत कॉलऱ्याच्या जागतिक फैलावाचा ठपका यात्रेकरूंवर ठेवला गेला. पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर कॉलरा उत्तर हिंदुस्थानभर पसरला, आणि १८९२ मध्ये हरिद्वारचाच एक मेळा सरकारने भरता भरता उधळून लावला. यात्रा सरसकट बंद करण्याची छाती मात्र सरकारला सहसा झाली नाही, कारण धर्मात हात घातल्याचा आरोप १८५७ नंतर कोणत्याही अधिकाऱ्याला परवडणारा नव्हता. त्याऐवजी यात्रेला दार बसवण्याचा मार्ग पत्करला गेला. पंढरपूरला यात्रेकरू कर आला, धर्मशाळांना परवाने आले, रेल्वे आल्यावर तिकीट हेच दार झाले, आणि विसाव्या शतकात कॉलऱ्याची लस टोचून घेतल्याचा दाखला हे आणखी एक दार त्यात जोडले गेले. ज्यांच्या दंडावर ही टोचणी झाली, त्या पिढीतील वारकऱ्यांना ती वारीइतकीच आठवे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम मंजूर झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला वाटेल तो तात्पुरता नियम करण्याची मुभा दिली. रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांचे विलगीकरण यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षी हजची यात्रा थांबवली गेली, हिंदुस्थानातील जत्रांवर निर्बंध आले, आणि स्टेशनांवर माणसांना गाडीतून उतरवून काखा-जांघा चाचपण्याचे ते प्रकार घडले, ज्यांची कटुता पुण्यात जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेली.

अणदूर या कायद्याच्या कक्षेत नव्हते. नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गच्या किल्ल्यात राहून कारभार पाहत होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने पुढे 'तारा' ही कादंबरी लिहिली. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत गेला आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला. सोलापूर इंग्रजांचे, नळदुर्ग निजामाचे, आणि दोहोंमध्ये एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेइतके अंतर. यात्रेकरू या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी येत, साथीचे नियम मात्र एकाच बाजूला लिहिले जात होते. ही विभागणी कागदावर आश्चर्यकारक रीतीने टिकली. स्वातंत्र्यानंतरही केंद्रीय कायद्याच्या विस्तार-कलमात, १ नोव्हेंबर १९५६ च्या लगतपूर्वी 'ब' भाग राज्यांमध्ये मोडणारे प्रदेश वगळल्याचा मजकूर होता, आणि हैदराबाद हे असेच 'ब' भाग राज्य होते. कोविडकाळात राज्यांनी १८९७ च्या कायद्याचा आधार घेतल्यावर, २०२० सालच्या दुरुस्तीत हा अपवाद काढून टाकण्यात आला. व्यवहारात या अपवादाने फरक पडला नाही, कारण आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ सर्वत्र लागू होता आणि राज्याचे आदेशही एकसारखे निघाले. तरी शंभरावर वर्षांपूर्वीची एक सरहद्द कायद्याच्या पुस्तकात एवढी वर्षे जिवंत राहिली, ही नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने करून ठेवावी अशी आहे.

१९१८ च्या तापसरीने, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीने, हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, पण तिची मुख्य लाट काही आठवड्यांतच येऊन गेल्याने यात्रांच्या नियमांवर तिचा ठसा फारसा उमटला नाही. या भागाला साथीची पुढची मोठी धास्ती बसली ती १९९४ मध्ये, जेव्हा ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाला वर्ष होत असताना बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आढळला. त्यानंतर पाव शतक साथ हा शब्द बहुतांशी डेंग्यू आणि अतिसारापुरता उरला, आणि यात्रेच्या परवान्यात आरोग्याचा भाग म्हणजे पाण्याच्या टाकीत टाकायची क्लोरीनची पूड एवढाच राहिला.

मार्च २०२० मध्ये सारे एकदम थांबले. तुळजाभवानीचे मंदिर १७ मार्चला दर्शनासाठी बंद झाले, त्यानंतर आठवडाभरात देशभर टाळेबंदी आली, आणि ती नेमकी चैत्राच्या तोंडावर आली. चैत्र ते वैशाख हा जत्रांचा मुख्य हंगाम असतो. नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तिथे येऊन सुपारी देतात, म्हणजे खेळ ठरवून आगाऊ रक्कम देतात, आणि अक्षय तृतीयेपर्यंत फडाला दम घ्यायला सवड नसते. त्या वर्षी सुपाऱ्या परत मागितल्या गेल्या. पाळणेवाले जिथे होते तिथेच अडकले. सांगाडा सोडवून ट्रकवर चढवलेला, त्यावर ताडपत्री, आणि ट्रक गावाबाहेरच्या कुणाच्या तरी रानात उभा, अशी त्यांची अवस्था झाली. ग्रामपंचायतींचीही आवक बुडाली, कारण जत्रा, उत्सव आणि करमणुकीवर कर बसवण्याचा अधिकार ग्रामपंचायत कायद्याने त्यांना दिलेला आहे आणि मैदानाचे जागाभाडे ही यात्रेच्या गावाची हमखास जमा असते.

उघडण्याचा क्रम त्यानंतरच्या दोन वर्षांत जसा ठरत गेला, तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. राज्य सरकारने जून २०२० पासूनच्या शिथिलीकरणाला 'पुनश्च हरिओम' असे नाव दिले, जे टिळकांच्या १८९९ सालच्या, म्हणजे प्लेगच्याच पर्वातील अग्रलेखाचे आहे. दुकाने आधी उघडली. त्या आषाढीला, १ जुलै २०२० रोजी, संतांच्या पादुका बसमधून पंढरपूरला नेल्या गेल्या आणि शेकडो वर्षांची पायी वारी काही तासांच्या प्रवासात उरकली. ऑक्टोबरमध्ये तुळजापूरचे नवरात्र भाविकांविना पार पडले. ५ नोव्हेंबरला चित्रपटगृहे आणि नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने उघडली. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, मंदिरे उघडली. डिसेंबरच्या उत्तरार्धात नौकाविहार, जलक्रीडा आणि मनोरंजन उद्यानांना परवानगी मिळाली. केंद्र सरकारने ती १५ ऑक्टोबरपासूनच देऊ केली होती आणि तिच्या अटींचे पत्रक ८ ऑक्टोबरला निघाले होते. यात्रा मात्र बंदच राहिल्या. डिसेंबर २०२० मधील सोमवती अमावस्येला जेजुरीचे मंदिर एरवी उघडे असतानाही यात्रेच्या दिवसांत बाहेरच्या भाविकांना गावात मज्जाव होता. जानेवारी २०२१ मध्ये सोलापूरला सिद्धेश्वराच्या सात नंदीध्वजांचे आणि अक्षता सोहळ्याचे विधी मोजक्या मानकऱ्यांत झाले, पण याच गड्डा यात्रेतला होम मैदानावरचा पाळण्यांचा व दुकानांचा भाग भरला नाही. त्याच महिन्याच्या २८ तारखेला मैलारपूरची पौष पौर्णिमा होती आणि तिच्यावरही मोठ्या मेळाव्यांना मनाई करणाऱ्या राज्यव्यापी आदेशांचीच सावली होती.

हा क्रम रोगाच्या धोक्याच्या उतरंडीने लागलेला नाही, हे उघड आहे. बंदिस्त, वातानुकूलित सभागृह उघड्या रानातल्या तमाशाच्या आधी उघडले. जिथे वारा खेळत नाही असा देवळाचा गाभारा, चारी बाजूंनी हवा असलेल्या पाळण्याच्या पेटीच्या आधी उघडला. एका पेटीत बहुधा एकाच घरची माणसे बसतात, हे तर वेगळेच. विषाणू बंद जागेतील हवेतून अधिक पसरतो हे पहिल्या वर्षाअखेर बऱ्यापैकी कळून चुकले होते, तरी नियमांचा भर स्पर्शावर राहिला: कठडे पुसा, मूर्तीला हात लावू नका, प्रसाद वाटू नका, तीर्थ शिंपडू नका. खंडोबाच्या दारात हा नियम विशेष अवघड होता, कारण भंडारा हा वाटून घेण्याचा पदार्थच नाही. तो हवेत उधळला जातो आणि ज्याच्या अंगावर पडेल त्याचा होतो.

खरा निकष दाराचा होता. चित्रपटगृहात खुर्च्या मोजता येतात, मंदिरात दर्शनबारीचे कठडे असतात, उद्यानात तिकीटखिडकी असते, आणि प्रत्येक ठिकाणी नियम मोडल्यास जबाबदार धरता येईल असा एक मालक, विश्वस्त किंवा व्यवस्थापक असतो. यात्रेला यांतले काहीच नसते. तिच्या मैदानाला चारी दिशांनी वाटा फुटतात, तिचा कोणी एक मालक नसतो, आणि तिथे किती माणसे आली हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या अंदाजापलीकडे कोणालाच ठाऊक नसते. जगातल्या मोठ्या उद्यानांनी आपले दार लवकर उघडले ते याच बळावर: शांघायचे डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० रोजी बंद होऊन ११ मे रोजी ठरावीक संख्येच्या आगाऊ तिकिटांसह उघडले, टोकियोचे १ जुलैला, फ्लोरिडाचे ११ जुलैला. जपानमधील उद्यानांनी तर वेगवान गाड्यांत बसणाऱ्यांना तोंडाने ओरडू नका, मनातल्या मनात ओरडा, असेही सांगितले. कॅलिफोर्नियातील मूळ डिस्नेलँडला मात्र, दार, तिकीट, मालक सारे असूनही, राज्य सरकारच्या नियमांमुळे ३० एप्रिल २०२१ पर्यंत थांबावे लागले, यावरून निर्णय केवळ सोयीचे नसून राजकीयही होते हे दिसते.

यात्रांवरील बंदी निराधार होती, असा याचा अर्थ घेता येणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये हरिद्वारचा कुंभ दुसऱ्या लाटेच्या तोंडावर भरला, १२ आणि १४ तारखेची शाही स्नाने लाखोंच्या गर्दीत झाली, आणि १७ तारखेला पंतप्रधानांना तो प्रतीकात्मक ठेवण्याचे आवाहन करावे लागले. हजारो माणसे एका मुक्कामी येतात तेव्हा मोकळ्या हवेचा लाभ धर्मशाळेत, जीपमध्ये आणि एसटीत संपून जातो. आक्षेप घ्यायचा तो बंदीला नव्हे, तर तिच्या सरसकटपणाला. पन्नास हजारांची यात्रा आणि पाच पाळण्यांचे मैदान यांत आदेशांनी फरक केला नाही, आणि विधींना जसे 'मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत' हे सूत्र सापडले, तसे करमणुकीसाठी कोणी शोधलेच नाही. विधी हे गंभीर कार्य आणि पाळणा ही चैन, ही समजूत त्यामागे होती. ती प्रशासनाची आहे. यात्रेकरूची नाही, आणि पाळण्यावर पोट असणाऱ्याची तर नाहीच नाही.

दुसऱ्या लाटेनंतर तोच क्रम पुन्हा गिरवला गेला. मंदिरे ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी उघडली; नाट्यगृहे आणि मनोरंजन उद्यानांतील कोरडे खेळ २२ ऑक्टोबरपासून सुरू झाले, पाण्यातले खेळ मागे ठेवण्यात आले. कोरडे खेळ म्हणजे ज्यांत पाण्याशी संबंध नाही असे पाळणे, गाड्या, झुले. याचा अर्थ, त्या दिवाळीत खोपोलीजवळचे चक्र कायद्याने फिरू शकत होते आणि तसेच चक्र मराठवाड्यातल्या यात्रेच्या मैदानावर उभे राहू शकेल की नाही, हे त्या त्या जिल्ह्याच्या आदेशावर अवलंबून होते. पुढे ओमायक्रॉनची लाट आली. १० जानेवारी २०२२ पासून मनोरंजन उद्याने, संग्रहालये, किल्ले आणि तिकीट लावून पाहायची इतर ठिकाणे बंद झाली, धार्मिक व सांस्कृतिक कार्यक्रमांना पन्नास माणसांची मर्यादा आली, आणि मैलारपूरची पौष पौर्णिमा १७ जानेवारीला होती. त्या आठवड्यात नळदुर्गचा किल्लाही याच आदेशाखाली येत होता. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेले धरण, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहायला लोक दुरून येतात, आणि राज्याच्या 'महाराष्ट्र वैभव' योजनेखाली हा किल्ला खासगी संस्थेकडे संगोपनासाठी दिल्यानंतर तिथे तिकीट, बाग आणि नौकाविहार आले आहेत. म्हणजे या परिसरात तिकीट असलेली आणि तिकीट नसलेली अशा दोन्ही प्रकारची करमणूक शेजारी शेजारी आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिकिटाची पर्यटनस्थळे पुन्हा उघडू लागली. यात्रांचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो १ एप्रिल २०२२ पासून, राज्याने सर्व निर्बंध उठवल्यावर, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी.

या दोन वर्षांचा तोटा सर्वांना सारखा झाला नाही. कायमच्या उद्यानाला बँक, विमा आणि भागधारक असतात. पाळणेवाल्याकडे खासगी सावकाराचे कर्ज आणि गंजत चाललेला सांगाडा असतो. नटबोल्ट, बेअरिंग आणि वायररोप दोन पावसाळे उघड्यावर राहिले की त्यांची खात्री देता येत नाही, आणि चक्र पुन्हा उभे करण्याआधी यंत्राची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो, पोलिसांची परवानगी लागते, विजेची जोडणी लागते. बंदीच्या आदेशांत या यंत्रांच्या देखभालीचा विचार नव्हता. तमाशा कलावंतांना निदान मदतीसाठी मागणी करणारी संघटना आणि बोलणारे ज्येष्ठ फडमालक होते. पाळणेवाले, रेवडीवाले, फुगेवाले यांची गणना कोणत्याच यादीत नव्हती.

अणदूरच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम नोंदवली पाहिजे. याच गावात डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या पुढाकाराने हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभे राहिले, आणि गावातल्याच बायकांना प्राथमिक उपचारांचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून तयार करण्याचा उपक्रम तिथून चालला. कोणत्या घरात ताप आहे, कोण बाहेरगावाहून आले आहे, हे ज्यांना दवाखान्याच्या आधी कळते अशा स्त्रिया या परिसरात आहेत. दुसरीकडे, देव कधी न्यायचा आणि कधी परत आणायचा याचा लेखी करार करून तो पाळण्याची परंपरा दोन्ही गावांकडे आहे. साथीच्या काळातली यात्रा किती माणसांची, किती दिवसांची आणि किती पाळण्यांची असावी, हे ठरवायला लागणारी दोन्ही साधने, म्हणजे आरोग्याची गावपातळीवरची माहिती आणि अटी लिहून घेण्याची सवय, इथे आयती आहेत. आजवर कोणत्याही आदेशाने त्यांचा उपयोग केलेला नाही.

६ जानेवारी २०२३ ची पौष पौर्णिमा ही तीन वर्षांतली पहिली अशी पौष पौर्णिमा होती, जिच्या उपस्थितीवर राज्याने कोणतीही मर्यादा घातलेली नव्हती. साथरोग कायद्याची पुढची दुरुस्ती जेव्हा होईल, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी मोकळ्या मैदानावरच्या करमणुकीसाठी बंदिस्त सभागृहापासून वेगळे कलम मागावे, आणि ते लिहिताना देवस्थानांच्या विश्वस्तांबरोबर पाळणेवाल्यांनाही चर्चेला बोलवावे.